सिटकॉममधले गंभीर भाग: पोचतात की नुसते रडवतात?

शमिका_द

अमेरिकन सिटकॉमचा एक जुना रिवाज आहे. वर्षभर हसवायचं आणि मधेच एखाद्या आठवड्यात बलात्कार, दारू, एड्स, वर्णद्वेष असला विषय घ्यायचा. ऐंशीच्या दशकात तर चॅनेलवाले अशा भागांची आधीपासून 'अतिशय खास भाग' म्हणून जाहिरात करायचे. माझं मत असं की यातले बहुतेक भाग फसतात. २२ मिनिटांत प्रश्न उभा करायचा, सोडवायचा, शेवटी मिठी मारायची आणि पुढच्या आठवड्यात घरातल्या कुणालाच काही आठवत नाही.

पण काही भाग मनातून जात नाहीत. माझ्यासाठी तो 'ऑल इन द फॅमिली'चा ऑक्टोबर १९७७ मधला तासाभराचा भाग. ईडिथ बंकरचा पन्नासावा वाढदिवस. शेजारी लेकीकडे गुपचूप पार्टीची तयारी चाललेली आणि ईडिथ घरात एकटी. दार वाजतं, माणूस सांगतो मी पोलीस आहे, या भागात एक बलात्कारी फिरतोय. ती भाबडेपणाने त्याला आत घेते. तो बलात्कारी तोच.

पुढची काही मिनिटं बघवत नाहीत. ईडिथ तिच्या नेहमीच्या भोळ्या सुरात त्याच्याशी बोलत राहते, प्रेक्षक नेहमीसारखे हसतात, आणि मग ते हसू कसं आखडत जातं ते ऐकू येतं. ओव्हनमधला केक जळतो, ती तो गरम केक काढून त्याच्या तोंडावर मारते आणि सुटते. स्टुडिओत जो जल्लोष होतो तो विनोदाला मिळालेली दाद नाही, अख्खी खोली सुटल्यासारखी ओरडते.

कुठलाही दुसरा कार्यक्रम इथे संपला असता. इथे मात्र अजून अर्धा भाग उरलाय, आणि त्यात ईडिथ घरात पाऊल टाकायला घाबरते, पोलिसांत जायला नकार देते, लेकीशी तिचं जुंपतं. खरा विषय त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

तर प्रश्न: असे भाग बघून खरंच कुणाचं काही बदलतं का, की आपण डोळे पुसतो, आपल्याला बरं वाटतं आणि विषय संपतो? तुमच्या लक्षात राहिलेला भाग कोणता, आणि तो का राहिला?

पेटारा

रुमाल टाकून ठेवतोय. ईडिथच्या नवऱ्यावर, आर्ची बंकरवर लिहायचंय, रात्री निवांत लिहितो.

खिडकीवाला

विषय चांगला आहे, पण मी उलट्या बाजूचा. दिवसभराचं काम संपवून माणूस सिटकॉम लावतो तो हसायला. गंभीर विषयांसाठी माहितीपट आहेत, नाटकं आहेत. विनोदी मालिकेत उपदेश घुसडला की दोन्ही बिघडतात, विनोदही आणि विषयही.

उदाहरण घ्या: 'सेव्ह्ड बाय द बेल', १९९०. अभ्यासाच्या ताणाने जेसी गोळ्या खायला लागते. कसल्या, तर दुकानात सरसकट मिळणाऱ्या कॅफीनच्या! निर्मात्यांना आधी अ‍ॅम्फेटामाइन दाखवायचं होतं, चॅनेलच्या सेन्सॉर विभागाने ते होऊ दिलं नाही. मग उरलं काय? मुलगी कॉफीच्या गोळ्यांवर हमसून हमसून रडतेय आणि तीस वर्षं लोक त्या प्रसंगाची नक्कल करून हसतायत.

मधुरा_के

@खिडकीवाला, त्या हिशोबाने आमच्या ऑफिसातला प्रत्येक माणूस व्यसनमुक्ती केंद्रात हवा :)

निशिगंधा

मी शाळेत समुपदेशक आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

पालकांशी बोलताना मी 'डिफरंट स्ट्रोक्स'च्या एका जोडभागाचा दाखला नेहमी देते. फेब्रुवारी १९८३, विषय बालकांचं लैंगिक शोषण. सायकलच्या दुकानाचा मालक, हसतमुख, गोलमटोल, सगळ्यांचा लाडका. ती भूमिका गॉर्डन जंप या नटाने केली, जो तेव्हा दुसऱ्या एका विनोदी मालिकेतला प्रेमळ बॉस म्हणून घराघरांत माहीत होता. ही निवड फार विचारपूर्वक होती असं मी मानते. भागाच्या सुरुवातीला वडिलांचं काम करणारा नट कॉनरॅड बेन स्वतः पडद्यावर येऊन सांगतो की आजचा विषय नाजूक आहे, मुलांसोबत बसून बघा.

आता त्या माणसाची पद्धत बघा. आधी सायकलवर सवलत. मग दुकानामागच्या घरात खेळ, खाऊ. मग थोडी वाइन, 'हे आपल्यातच हं, घरी बोलायचं नाही'. मग चित्रं, मग फोटो. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा एवढीशीच वर, त्यामुळे मुलाला नेमकं कुठे 'नको' म्हणायचं ते कळतच नाही. पालकांना वाटतं धोका म्हणजे अंधारातला अनोळखी माणूस. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो मुलाच्या ओळखीचाच असतो, आणि मुलाआधी त्याने आईवडिलांचा विश्वास कमावलेला असतो. ही गोष्ट तासभर व्याख्यान देऊन जेवढी पोचत नाही तेवढी या भागाने पोचते.

दोष आहेतच. पहिल्या भागात प्रेक्षकांचं हसू अशा जागी वाजतं की अंगावर काटा येतो. मधल्या प्रसंगांत विनोद चालूच ठेवलेत. पण एका सत्रानंतर एक आई थांबली. "मुलाचे एक सर त्याला सारखी छोटी छोटी बक्षिसं देतात आणि घरी सांगू नको म्हणतात, मला आत्तापर्यंत ते कौतुकच वाटत होतं," असं म्हणाली. पुढे काय झालं ते इथे लिहिणार नाही. शमिका, तुमच्या 'काही बदलतं का'ला माझ्याकडून एवढं उत्तर.

मधुरा_के

निशिगंधा, हा प्रतिसाद जपून ठेवतेय. आईबाबांच्या ग्रुपवर पाठवला तर चालेल ना?

निशिगंधा

जरूर.

दिगंत_प

मी संकलन करतो, म्हणून हसण्याविषयी थोडं.

या मालिका खऱ्या प्रेक्षकांसमोर तीन-चार कॅमेऱ्यांनी चित्रित व्हायच्या. नट हसू संपेपर्यंत थांबतात आणि मगच पुढचं वाक्य टाकतात. पूर्ण लय त्यावर बांधलेली असते. गंभीर भागात नेमकी ही लय काढून घेतली जाते. नट वाक्य टाकतो, हसू येत नाही, आणि ती मोकळी जागा तशीच राहते. नाटकात शांतता असतेच, तिचं काही वाटत नाही. सिटकॉममध्ये चार सेकंद शांतता म्हणजे काहीतरी मोडलंय हे प्रेक्षकाच्या कानाला आधी कळतं, डोक्याला नंतर. @खिडकीवाला, म्हणून माहितीपट हे काम करू शकत नाही. तिथे मोडायला आधी काही बांधलेलंच नसतं.

'मॅश' ही युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची मालिका. तिच्या निर्मात्यांना तर चॅनेलने आधीच ध्वनिमुद्रित केलेलं हसू जबरदस्तीने घालायला लावलं होतं. त्यांनी एक गोष्ट पदरात पाडून घेतली: शस्त्रक्रियेच्या खोलीत हसू वाजणार नाही. मार्च १९७५ मध्ये इस्पितळाचा प्रमुख हेन्री ब्लेक घरी निघाला आणि त्याचं विमान पाडल्याची बातमी आली, ती त्याच खोलीत. शेवटचं पान नटांना अगदी चित्रीकरणाच्या तोंडावर दिलं गेलं होतं. रडार नावाचा कारकून बातमी वाचतो आणि डॉक्टरांचे हात थांबत नाहीत, शस्त्रक्रिया चालूच राहते. मागे एक अवजार खाली पडल्याचा आवाज येतो तेवढाच. चॅनेलकडे संतापलेल्या पत्रांचा ढीग लागला होता.

मृण्मयी७

माझा भाग 'फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर'चा, १९९४. चौदा वर्षं गायब असलेला बाप उगवतो, फिल काकांकडे राहणाऱ्या विलला सोबत न्यायचं वचन देतो आणि पुन्हा पळतो. विल आधी म्हणतो, मला काही फरक पडत नाही. विनोद करतो. मग आवाज चढत जातो: मी त्याच्याशिवाय शिकलो, त्याच्याशिवाय मोठा झालो, यापुढेही होईन. आणि मग एकदम कोसळून फिल काकांना विचारतो की त्याला मी का नको आहे?

फिल काका काहीच बोलत नाहीत. एरवी हा माणूस वकील, न्यायाधीश, बोलण्यावर जगणारा. इथे एक शब्द नाही, फक्त जवळ घेतो. आणि कॅमेरा विलने बापासाठी घेतलेल्या भेटीकडे जातो, बाप आणि मुलाचा छोटा पुतळा.

माझे वडील मी लहान असताना घर सोडून गेले. कॉलेजात असताना हा भाग पहिल्यांदा बघितला, आणि आजवर मला कुणी काय सांगायला हवं होतं ते तेव्हा कळलं. खरं तर कुणी काही सांगायचीच गरज नव्हती.

एक राहिलं. विलचं काम करणाऱ्या विल स्मिथच्या खऱ्या बापाने त्याला टाकलं होतं म्हणून तो तसा रडला, अशी एक गोष्ट फिरत असते. ती खोटी आहे. त्याचे वडील त्याच्या आयुष्यात होते. तो अभिनय होता, त्याचं श्रेय त्याला आणि फिल काका झालेल्या जेम्स एव्हरीला द्या.

खिडकीवाला

@मृण्मयी७, मनापासून लिहिलंत.

पण बघा, त्या भागात उपदेश कुठाय? टाकून गेलेल्या बापांविषयी आकडेवारी नाही, शेवटी मदतीसाठी फोन नंबर नाही. एक माणूस दुसऱ्याला धरून उभा आहे. असं असेल तर माझी हरकत नाही. माझी हरकत पात्र बाजूला सारून फळा पुढे आणण्याला आहे.

अनुराधा_जे

फळा नको हे ठीक. पण धोका पत्करला का, हेही बघायला हवं. 'कॅफीनच्या गोळ्या' आणि 'मॉड' यांच्यात तोच फरक आहे.

'मॉड'चा तो जोडभाग नोव्हेंबर १९७२ चा. सत्तेचाळिसाव्या वर्षी नायिका मॉडला दिवस जातात. ती राहते त्या न्यूयॉर्क राज्यात १९७० पासून गर्भपात कायदेशीर होता, पण देशभर तो हक्क देणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल यायचा होता, तो आला जानेवारी १९७३ मध्ये. म्हणजे कोर्टाच्या दोन महिने आधी एक विनोदी मालिका हा विषय घरातल्या सोफ्यावर घेऊन आली. आणि सोयीस्कर पळवाट काढली नाही. टीव्हीवर अशा वेळी बाई जिन्यावरून पडते किंवा तपासणीच चुकीची निघते. मॉड आणि तिचा नवरा वॉल्टर रात्री पलंगावर बसून, एकमेकांची समजूत काढत, स्वतः निर्णय घेतात.

इलिनॉयमधल्या दोन स्थानकांनी भाग दाखवायला नकार दिला. १९७३ च्या उन्हाळ्यात, निकाल लागून गेल्यावर, पुनःप्रक्षेपण ठरलं तेव्हा तर कितीतरी जास्त स्थानकं मागे हटली आणि जाहिरातदारांनी पाठ फिरवली. ही पटकथा लिहिणारी सुझन हॅरिस, जिने पुढे 'गोल्डन गर्ल्स' निर्माण केली.

'एलेन'चंही तेच. ३० एप्रिल १९९७ ला नायिकेने आपण समलिंगी आहोत हे सांगितलं, सव्वाचार कोटींच्या आसपास लोकांनी बघितलं, आणि पुढच्या वर्षी मालिका बंद. नायिका आणि तिचं काम करणारी अभिनेत्री एलेन डीजेनरस दोघींनी एकदमच जगाला सांगितलं होतं. तिने त्याची किंमत कित्येक वर्षं मोजली. प्रेक्षक डोळे पुसून झोपले असतील, पण करणाऱ्यांचं करिअर पणाला लागलं होतं.

कट्टेकरी

अनुराधाताईंना अनुमोदन. 'सोफ्यावर घेऊन आली' हे नेमकं.

पेटारा

लिहायला उशीर झाला, पण आता वाचा.

आर्ची बंकर हा 'ऑल इन द फॅमिली'चा कर्ता पुरुष. वर्णद्वेष्टा, ज्यूंवर बोलणार, बायकांवर बोलणार, आणि तरी आवडणारा. १९७१ मध्ये पहिला भाग लागला तेव्हा चॅनेलने आधी सूचना दाखवली होती की आम्ही पूर्वग्रहांना हसणार आहोत. निर्माता नॉर्मन लिअरचा विश्वास होता की असा माणूस पडद्यावर उघडा पाडला की लोक त्याला हसतील आणि स्वतःतला आर्ची ओळखतील.

१९७४ मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतली शाळकरी मुलं आणि कॅनडातले प्रौढ लोक यांना या मालिकेबद्दल विचारलं. मालिका बहुतेकांना आवडत होती. पण ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्चीच आवडत होता. त्यांना वाटत होतं की त्याचं म्हणणं रास्त आहे आणि वादात तोच जिंकतो. आर्चीशी सतत वाद घालणारा जावई माइक जे बोलतो ते त्यांच्यापर्यंत गेलंच नाही. म्हणजे एकच भाग दोन घरांत लागला आणि दोन्ही घरं आपापलं घेऊन उठली.

म्हणून शमिकांच्या प्रश्नाला माझं उत्तर फारसं आशेचं नाही. विनोदाची खोड अशी की तो बघणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. ज्याला जे आधीच वाटतं, त्यावर तो शिक्का मारतो.

पण तुम्ही निवडलेला भाग याला अपवाद आहे, आणि का आहे ते मला महत्त्वाचं वाटतं. त्यात आर्चीला हसायला जागाच नाही. एरवी प्रत्येक विषयावर मत असलेला हा माणूस बायकोसमोर हात चोळत बसतो. पूर्वग्रहवाल्या प्रेक्षकाला त्या भागात धरायला आर्चीचा खांदा मिळत नाही.

डॉ_वैशंपायन

@पेटारा, अभ्यास बरोबर मांडलात, निष्कर्ष पूर्ण पटत नाही. मत बदलणं आणि माहिती पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वग्रह जात नसेल, पण अज्ञान जातं.

'डिझायनिंग विमेन', ऑक्टोबर १९८७. घरसजावटीचा व्यवसाय करणाऱ्या चार बायकांची ही मालिका. एक तरुण त्यांच्याकडे येतो आणि स्वतःच्या अंत्यविधीची सजावट करून मागतो, कारण त्याला एड्स आहे आणि अंत्यविधीवाले त्याच्यासारख्यांना दारात उभं करत नाहीत. निर्माती लिंडा ब्लडवर्थ-थॉमसन हिने स्वतः हा भाग लिहिला. तिची आई रक्त चढवताना झालेल्या संसर्गाने एड्सने गेली होती. त्या वॉर्डमध्ये तिने जे बघितलं-ऐकलं ते या भागात आहे. 'योग्य तेच लोक मरतायत' असं म्हणणारी एक बाई भागात आहे, आणि त्या चौघींतली ज्युलिया तिला दुकानाबाहेर काढते. वर्ष लक्षात घ्या: अध्यक्ष रेगन यांनी एड्सवर पहिलं मोठं भाषण केलं ते मे १९८७ मध्ये, साथ जाहीर होऊन सहा वर्षांनी.

मी रुग्णांच्या नातेवाइकांना तासन् तास समजावलंय की शेजारी बसल्याने, हात धरल्याने काही होत नाही. मान डोलावतात आणि खुर्ची मागे सरकवतात. ज्या पात्रावर आपला जीव आहे ते पात्र रुग्णाचा हात धरताना दिसलं, तर ती खुर्ची जरा कमी मागे सरकते. हे मी बघितलंय.

दिगंत_प

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोड, थोडं अवांतर. १९८८ मध्ये हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने हॉलिवूडच्या लेखकांना गाठलं. मागणी अगदी छोटी: पार्टीला जाताना गाडी चालवणारा एक जण आधी ठरवा आणि त्याने प्यायची नाही, हे मालिकांमध्ये एखाद्या वाक्यात येऊ द्या. खास भाग नको, भाषण नको. 'चिअर्स'सारख्या मालिकांनी ते आणलं, आणि काही वर्षांत ती कल्पना अमेरिकेत घरोघरी रुळली. कायदे आणि पोलीस तपासणीही त्याच काळात वाढली, त्यामुळे सगळं श्रेय टीव्हीला देता येत नाही. पण एक खास भाग करण्यापेक्षा पन्नास मालिकांमध्ये एकेक साधं वाक्य येणं जास्त काम करतं, असं मला वाटतं.

खिडकीवाला

दिगंत, याच्यासाठी मी दोन्ही हात वर करतो.

सारंग_ओ

नव्या मालिकांचं कुणीच काढलं नाही. 'ब्लॅक-इश', फेब्रुवारी २०१६. मालिका एका कृष्णवर्णीय कुटुंबाची, सगळा भाग त्यांच्या दिवाणखान्यात. टीव्हीवर बातमी, पोलिसावर खटला चालणार की नाही याचा निर्णय येणार आहे, आणि घरातले भांडतायत की लहान मुलांना काय आणि किती सांगायचं. आई म्हणते मुलांना आशा ठेवू द्या. मग वडील, ड्रे, तिला ओबामांच्या शपथविधीचा दिवस आठवून देतो: ते गाडीतून उतरून चालायला लागले तेव्हा आपण सगळे आनंदात होतो, आणि त्याच क्षणी जीव मुठीत धरून बसलो होतो की आता कुणीतरी हे हिरावून घेणार. विनोदी मालिकेत इतकी खरी भीती मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

त्याच्या तुलनेत 'ब्रुकलिन नाइन-नाइन'चा २०१७ चा भाग मला मवाळ वाटतो. टेरी हा कृष्णवर्णीय पोलीस आपल्याच गल्लीत मुलीची हरवलेली चादर शोधतोय, एक गोरा पोलीस त्याला अडवतो. पोलिसांच्याच मालिकेत पोलिसांवर टीका किती करणार?

अनुराधा_जे

सारंग, मवाळ कसा? शेवट बघा. टेरी तक्रार करतो आणि हवी असलेली नेमणूक त्याच्या हातची जाते. त्याचा वरिष्ठ होल्ट त्याला आधी तक्रार करू नको म्हणतो, कारण त्याने स्वतः अख्खं आयुष्य गप्प बसून वर चढण्यात घालवलंय. दोघंही कृष्णवर्णीय, दोघंही प्रामाणिक, आणि दोघांचं उत्तर वेगळं. मला हा भाग 'ब्लॅक-इश'पेक्षा अवघड वाटतो. आणि २०२० मध्ये एका पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर मालिकावाल्यांनी लिहून झालेले भाग बाजूला ठेवले, शेवटच्या पर्वात टेरीची सहकारी रोझा पोलीस दलच सोडते. तिथे विषय पुढच्या आठवड्यात विसरला गेला नाही.

सारंग_ओ

तरी मालिका हसवतच राहिली ना, गणवेश घालूनच. आपलं यावर जमायचं नाही :)

रेणुका_स

दोन दिवस वाचतेय, आता लिहिते. मूळ प्रश्नात शमिकांची तक्रार होती की पुढच्या आठवड्यात कुणालाच काही आठवत नाही. मग 'गुड टाइम्स' बघा. १९७७ मध्ये त्यात पेनी नावाची मुलगी आली, काम केलं होतं छोट्या जॅनेट जॅक्सनने. आई तिला मारते, इस्त्रीचे चटके देते. हा विषय त्यांनी चार भाग चालवला. शेजारीण विलोना आधी घाबरते, लोकांच्या घरात कशाला पडायचं म्हणते, मग पडते. आणि शेवटी पेनीला दत्तक घेते.

पुढे पेनी कुठे गेली? कुठेही नाही. मालिका संपेपर्यंत ती त्याच इमारतीत राहते, विनोद करते, हट्ट करते. तिच्याकडे बघताना दर आठवड्याला आपल्याला माहीत असतं ती कुठून आली. 'डिफरंट स्ट्रोक्स'मध्ये सायकलच्या दुकानाचं पुढे काय, ते कुणी विचारत नाही.

मी स्वतः मामीकडे वाढले. अशा घरांविषयीच्या गोष्टी 'सुटका झाली' इथे संपवतात, ते मला कधीच पटलं नाही. सुटका झाल्यावर शाळा असते, गृहपाठ असतो, भांडणं असतात, आणि हसणंही असतं. पेनीच्या बाबतीत ते सगळं दाखवलं.

शमिका_द

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं.

रेणुका, 'गुड टाइम्स'चे ते चार भाग या आठवड्यात बघणार. निशिगंधा आणि डॉक्टर, तुमच्या अनुभवांनंतर 'बहुतेक भाग फसतात' हे मी आता कलेपुरतं म्हणेन. सायकलवाला भाग कला म्हणून कच्चा आहे आणि तरी त्याने एका मुलाचं घर सावध केलं. पेटारांच्या अभ्यासावर मात्र मी अडून आहे. पूर्वग्रह असलेला माणूस आर्चीलाच घेऊन उठतो हे खरं असेल, तर लिहिणाऱ्याने त्याला कधीतरी आर्चीशिवाय एकटं बसवलंच पाहिजे, ईडिथच्या भागात बसवलं तसं.

आता एक नवा प्रश्न. माझी भाची तेरा वर्षांची आहे, तिच्यासोबत बघायला यातलं कुठून सुरू करू?

मृण्मयी७

'फ्रेश प्रिन्स'. पण थेट तो भाग लावू नका. आधीचे दहा-बारा भाग नुसते हसत बघू दे, फिल काकांवर तिचा जीव बसू दे.

निशिगंधा

सायकलवाला भाग तिला एकटीला नको, सोबत बसा. मधे थांबवा आणि विचारा, तुला इथे काय खटकलं? आपण सांगण्याआधी तिला सांगू द्या.

अनुराधा_जे

'मॉड' दोन-तीन वर्षांनी. आणि दोन्ही भाग एका बैठकीत लावा, पहिल्यावर थांबलात तर नुसते विनोदच लक्षात राहतील.